डोक्याला मार लागल्यावर मैदान कधी गाठावं?

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्ध खेळताना अखेरच्या षटकात चेंडू भारताचा फलंदाज शिवम दुबे याच्या हेल्मेटवर आदळला. अर्धशतक झालेलं होतं, तरीही तो पुन्हा मैदानात उतरला नाही. त्याच्या जागी हर्षित राणा आला. डोक्याच्या दुखापतीसाठी असा बदली खेळाडू देण्याची मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९पासून आहे.

गावच्या कुस्तीच्या आखाड्यात किंवा कबड्डीच्या मैदानावर असा बदली खेळाडू मिळो न मिळो, नियम तोच लागू हवा: मार लागला, त्या दिवशीचा खेळ तिथंच थांबला. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असं मुळीच नाही.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती. मोबाईल कमी, घरातल्या घरात थोडं फिरणं चालतं. मग चालणं, हलकं धावणं, एकट्यानं सराव, आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच झटापट. प्रत्येक टप्प्याला किमान चोवीस तास. डोकेदुखी, चक्कर वाढली तर एक पाऊल मागे.

वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी दिसली, तर १०८ क्रमांकावर लगेच फोन करावा.