फुलांच्या कथा आणि फुलांचा अर्थ
(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी आम्ही विषय निवडला आहे तो आपल्या अंगणातल्या आणि परसातल्या फुलांचा. वैचारिक व्याख्यानमालेत फुलांचे काय काम, असे काहींना वाटेल. परंतु फूल ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. बारशाला फूल, लग्नाला फूल आणि तिरडीवरही फूल. जी वस्तू माणसाने जन्मापासून मरणापर्यंत हाती धरली, तिच्याभोवती कथा जमणारच. त्या कथांतून समाज आपले मन बोलून दाखवितो. म्हणून फुलांच्या कथा तपासणे म्हणजे समाजाचे मन तपासणे होय, अशी आमची भूमिका आहे.

प्रथम पारिजातक घेऊ. कृष्णाने हा वृक्ष स्वर्गातून सत्यभामेसाठी आणला, झाड तिच्या अंगणात लागले, पण फुलांचा सडा रुक्मिणीच्या अंगणात पडू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुसरी एक कथा अशी की, एक राजकन्या सूर्यावर भाळली. सूर्याने तिचा त्याग केला. तिने स्वतःला जाळून घेतले आणि त्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून ते सूर्याचे तोंड पाहत नाही, उजाडण्यापूर्वीच फुले गाळून टाकते. लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली या झाडाला जे लॅटिन नाव दिले, त्यातही 'दुःखी झाड' असाच अर्थ आहे. पहिल्या कथेत दोन सवतींचा मत्सर, दुसरीत टाकलेल्या मुलीचा शोक. दोन्हींत दुःख वाट्याला आले ते स्त्रीच्याच. ही कल्पना झाडाने सुचविलेली नाही. झाडाचा व्यवहार साधा आहे. त्याचे परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात, म्हणून फूल रात्री उमलते. अंधारात दिसावे म्हणून ते पांढरे, आणि वाट सापडावी म्हणून सुगंधी. रात्रीचे काम संपले की फूल गळते.

याच फुलाची आणखी एक गंमत आहे. जमिनीवर पडलेले फूल पूजेला चालत नाही, असा जुना दंडक. प्राजक्ताला मात्र त्यातून सूट! कारण ते पडल्यावरच हाती येते. नियम माणसाने केला आणि अपवादही माणसानेच केला. सोय झाली की शास्त्र वाकते, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावे.

केवड्याची कथा याहून बोलकी आहे. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद झाला. ब्रह्मदेवाने आपण ज्योतिर्लिंगाचे टोक पाहिले असे खोटेच सांगितले आणि केतकीच्या फुलाने त्याला साक्ष दिली. तेव्हा शंकराने केतकीला शाप दिला की, तू माझ्या पूजेत चालणार नाहीस. म्हणजे एका फुलाने साक्ष दिली आणि त्याच्या साऱ्या वंशाला कायमची बंदी! आज उमललेल्या केवड्याचा यात काय दोष? पूर्वजाच्या नावावर गुन्हा लिहावा आणि त्याची शिक्षा जन्माने पुढच्या सर्वांना द्यावी, ही रीत आपणांस कुठे तरी पाहिल्यासारखी वाटत असेल. फुलांच्या गोष्टीतही ती शिरली आहे.

आता झेंडू. दसरा म्हटला की झेंडूचे तोरण आलेच. 1956 सालच्या ज्या अशोक विजयादशमीला, 14 ऑक्टोबर रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्याही दिवशी घरोघर हीच तोरणे असणार. झेंडू आपल्या मातीतला, अगदी पुराणकाळापासूनचा, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः तो मेक्सिकोकडचा. 1492 मध्ये युरोपियन लोक अमेरिका खंडात पोचले, त्यानंतर व्यापारी जहाजांतून तो इकडे आला. त्यापूर्वीच्या कोणत्याही दसऱ्याला आपल्याकडे झेंडू असणे शक्य नाही. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांचे स्मरण करतात. त्या वेळी घराच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. गेलेल्या माणसाला त्या रंगाने आणि वासाने घरची वाट सापडते, अशी तिथली समजूत. तेथे जे फूल मृतांना वाट दाखविते, तेच येथे विजयाच्या तोरणात शोभते. फूल एक आणि अर्थ दोन.

ज्याला आपण खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतो, तोही अमेरिकेकडचाच. श्रीलंकेत त्याला अरलिया म्हणतात आणि तेथील विहारांत तो बुद्धमूर्तीपुढे वाहतात. लाओस देशाने त्याला राष्ट्रीय फूल मानले. फिलिपाइन्समध्ये मात्र तो दफनभूमीत लावतात. निशिगंधही मेक्सिकोतून आलेला. ही फुले परकी म्हणून आम्ही त्यांना परकी म्हणणार नाही. जे मातीत रुजले, ज्याने चार माणसांना आनंद दिला, ते आपलेच. आमचे म्हणणे इतकेच की, 'हे अनादिकालापासून असेच चालत आले आहे' असे कोणी सांगू लागला, तर त्याला झेंडूची हकिकत ऐकवावी.

फुलांना अर्थ माणूस देतो, हे एकदा कळले की पुढचा प्रश्न येतो. फूल पिकविणाऱ्याला समाजाने काय अर्थ दिला? महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव रूढ झाले. ज्या घराने दरबाराला हार-तुरे पुरविले, त्याच घरातील जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यावर शेण-चिखल फेकण्यात आला. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 सालचा. त्यात जाईच्या फुलावर आणि पिवळ्या चाफ्यावरही कविता आहेत. अंगावर चिखल झेलणाऱ्या बाईला अंगणातले फूल दिसत होते, याचे आम्हांस मोठे मोल वाटते.

1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. त्या काळी आपल्या माणसाने लावलेले फूल चार हात फिरून गाभाऱ्यात जाऊ शकत होते, लावणाऱ्याला मात्र पायरी बंद होती. फुलाला विटाळ नाही आणि माणसाला आहे, हा कोणता न्याय?

या पार्श्वभूमीवर पाली वाङ्मयातील फुलांच्या कथा पाहाव्यात. धम्मपदात 'पुप्फवग्ग' नावाचा एक स्वतंत्र वर्गच आहे. त्यात 16 गाथा आहेत. तळ्यातल्या कमळांची उपमा तर प्रसिद्धच आहे. काही कमळे पाण्याखाली, काही पाण्याच्या बरोबरीने, काही पाण्याच्या वर. तशीच माणसेही कमी-अधिक समजेची असतात, पण समजून घेणारे आहेत, असे पाहून भगवंतांनी धम्म शिकविण्याचे ठरविले. येथे वर-खाली आहे ते समजुतीचे, जन्माचे नव्हे.

कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती हिची खुज्जुत्तरा नावाची दासी होती. राणी तिला फुलांसाठी रोज आठ कहापण देई. ती चारांची फुले आणी आणि चार स्वतःकडे ठेवी. एके दिवशी सुमन माळ्याच्या घरी तिने भगवंतांचा उपदेश ऐकला. त्या दिवशी तिने आठांचीही फुले आणली. टोपली भरलेली पाहून राणीने विचारले, तेव्हा तिने सारे खरे सांगून टाकले. राणी रागावली नाही. तिने दासीला उंच आसन दिले आणि ऐकलेला धम्म सांगण्यास विनविले. पुढे बहुश्रुत उपासिकांत खुज्जुत्तरा अग्रणी गणली गेली. येथे फुलांची टोपली प्रामाणिकपणाचे प्रतीक झाली आहे, आणि दासी गुरू झाली आहे.

सर्वांत मोठी कथा सुनीत थेरांची. थेरगाथेत ते स्वतःचा व्यवसाय सांगतात, पुप्फछड्डक. म्हणजे सुकलेली फुले झाडून टाकणारा, हीन मानलेला झाडूवाला. इतरांनी वाहिलेल्या फुलांचा कचरा ज्याच्या माथी आला होता, त्या माणसाने मगधाच्या नगरात भिक्षुसंघासह येणारे बुद्ध पाहिले. खांद्यावरची कावड खाली ठेवून त्याने वंदन केले आणि प्रव्रज्या मागितली. भगवंतांनी त्याला तिथेच संघात बोलावून घेतले. पुढे देवही त्याला हात जोडून उभे राहिले, असे ती गाथा सांगते. ताज्या फुलाचे गुणगान सगळेच करतात. सुकलेले फूल उचलणाऱ्या हातांची दखल घेणारी कथा दुर्मिळ.

आपण वंदनेच्या वेळी फूल वाहतो, तेव्हा काही मागत नाही. हे फूल कोमेजेल, तसे हे शरीरही जाईल, याची स्वतःलाच आठवण देतो. महापरिनिर्वाणाच्या वेळी शालवृक्ष अवकाळी फुलले आणि भगवंतांवर फुले पडू लागली. तेव्हा ही खरी पूजा नव्हे, धम्माप्रमाणे वागणे हीच खरी पूजा, असे त्यांनी आनंदाला सांगितले. फुलाचा मान ठेवून फुलाची मर्यादा सांगणारे हे वचन आहे.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. घरी आजी असेल, शेजारी एखादी म्हातारी असेल, तिला जास्वंद, मोगरा, अबोली, शेवंती यांच्या गोष्टी विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. या गोष्टी त्या माणसांबरोबर जात आहेत. मात्र लिहिताना प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. हे फूल आले कुठून? या कथेत शिक्षा कोणाला होते? आणि ही कथा ऐकून माणूस माणसाच्या जवळ येतो की दूर जातो? जी कथा जवळ आणते ती पुढच्या पिढीला सांगा. जी दूर नेते, तीही लिहून ठेवा, पण तिच्याखाली आपले मत लिहायला विसरू नका.



नमो बुद्धाय! जयभीम!