नक्कल फसली, वाद्य जन्मले



वाद्य कारखान्यात घडते की वादकाच्या हातात? हा प्रश्न आज मी जपानच्या रोलँड कंपनीच्या दोन यंत्रांवरून मांडणार आहे. १९८०चे टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि १९८१चे टीबी-३०३ हे खर्जातले स्वर काढणारे छोटे सिंथेसायझर. एकाने ड्रमवादकाची जागा भरून काढायची, दुसऱ्याने बेस गिटारवादकाची, अशी अपेक्षा होती. त्या परीक्षेत दोन्ही नापास झाली. त्याच काळातल्या अमेरिकन लिन एलएम-१मध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज चिपवर साठवलेले असत. ८०८चा आवाज मात्र विजेच्या सर्किटातून जागच्या जागी उपजे, आणि तो ड्रमसारखा वाटत नसे. १९८४पर्यंत दोन्हींचे उत्पादन थांबले आणि ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली.

पण नक्कल म्हणून जे उणे होते, तेच वाद्य म्हणून वेगळेपण ठरले. ८०८चा खालचा ठोका नॉब फिरवून लांबवता येतो. मग तो ठोका न राहता घुमारा होतो, आणि कातडी ड्रमला तो तसा साधत नाही. १९८७मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने ३०३वर एकच स्वरावली फिरती ठेवून फिल्टरचे नॉब पिळले आणि ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून नवी संगीतशैली उभी राहिली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२मध्ये, मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी हीच दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन भैरव, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मिंडेवर वाढलेल्या कानाला ती ओळखीची वाटणारच. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले.

कोणी म्हणेल, दोन दूरच्या शहरांत इतका सारखा नाद निघाला, तर श्रेय यंत्राचेच. नादाचे श्रेय यंत्राला जरूर द्यावे. पण मुंबईत त्या नादाने राग चालवला, शिकागोत रागाची गरजच नव्हती. तिथे आवाजाचा बदलता पोत हाच आशय झाला. यंत्राने नाद दिला, बोलणे वादकांचे. दुसरा आक्षेप साधनेचा: बटण दाबले की वाजणाऱ्या गोष्टीत कसब कोणते? पेटीलाही आपण हेच विचारले होते. ती परदेशातून आली, तिला मींड निघत नाही, म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केले. पण त्याआधीच गोविंदराव टेंब्यांच्या हातात ती गात होती. मर्यादा ओळखून तिच्यातून वाट काढणे हेच कसब, आणि ते बोटांइतकेच कानाचे असते.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. हे सारे आवाज आज संगणकावर मिळतात. मग जुन्या यंत्रांसाठी भरमसाट पैसे का मोजावेत? मोजू नयेत. त्या यंत्रांकडून घ्यायचा आहे तो संयम. ८०८वर सोळा बटणांची एक ओळ आहे, आणि सोळा मात्रांच्या आवर्तनात किती मावते हे तीनताल ऐकणाऱ्यांना सांगायला नको. हजारो आवाज हाताशी असलेल्या तरुणाने एक ठेका, एक खर्जाचा स्वर घ्यावा आणि तो कंटाळा येईपर्यंत नव्हे, तर कंटाळ्याच्या पलीकडे काही ऐकू येईपर्यंत फिरवावा. त्या क्षणी त्याच्या हातातले यंत्र वाद्य झालेले असेल.