विडीवरचा उपकर गेला, दवाखान्याचे काय?



सोलापूर हे कापडाचे शहर म्हणून सर्वत्र परिचित आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहरात भोंग्याचे राज्य आले आणि पुढे कित्येक पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या आणि झोपल्या. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग उरले. परंतु शहराच्या पूर्व भागात हजारो घरे अशी आहेत की, ज्यांचा संसार मागावर चालत नाही, तर मांडीवरच्या सुपावर चालतो. त्या सुपात टेंभुर्णीची कातरलेली पाने असतात, तंबाखूचा भुगा असतो आणि दोऱ्याची रिळे असतात. सोलापुरातील विडी कामगारांची संख्या साठ ते सत्तर हजार सांगितली जाते. त्यांत जवळजवळ सर्व स्त्रिया आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य तेलुगू भाषक विणकर समाजातून आलेल्या आहेत.

या स्त्रियांच्या आरोग्यासाठी देशाने एकेकाळी एक कायदा केला होता. तो कसा आला, त्यातला पैसा कोठून येत होता आणि तो झरा कसा बुजवला गेला, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. कारण हा बदल एखाद्या मोर्च्यावर लाठी चालवून झालेला नाही. करपद्धतीच्या सुधारणेच्या एका कलमात तो निमूटपणे उरकला गेला, आणि म्हणूनच त्याचा बोभाटा झाला नाही.

थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रत्यक्ष आरंभ झाला. तत्त्व साधे होते. कामगार धडधाकट असताना त्याच्या वेतनातून थोडे आणि मालकाकडून त्याहून अधिक जमा करावयाचे. तो आजारी पडला की त्याला औषध, खाट आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्सा द्यावयाचा. तो हक्काने मिळतो, कोणाच्या उपकाराने नव्हे.

परंतु हा विमा कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. जिचा कारखाना म्हणजे तिचे स्वतःचे स्वयंपाकघर आहे, तिचे काय? विडी ओढणारे लाखो, विकणारे गब्बर, आणि वळणारी मात्र कोणाच्याच हजेरीपटावर नाही, अशी अवस्था होती. ती बदलण्यासाठी आधी १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. त्यानंतर १९७६ साली संसदेने दोन जोड कायदे संमत केले. एकाने विडीवर उपकर बसविला आणि दुसऱ्याने त्या उपकरातून विडी कामगार कल्याण निधी निर्माण केला. उपकराचा पैसा आधी केंद्राच्या तिजोरीत जाई आणि संसदेच्या मंजुरीने निधीत येई, हे खरे. तथापि त्याचा हेतू कायद्याने बांधलेला होता. त्या पैशातून विडी कामगारांसाठी दवाखाने चालले. क्षयरोग आणि कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य मिळाले. चष्म्यासाठी मदत मिळाली, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि घरबांधणीला अनुदान मिळाले. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या स्वाधीन झाली. संघटना आणि हक्काचा निधी एकत्र आले की काय घडू शकते, याचे ते सर्वांना पाहता येण्याजोगे उदाहरण आहे.

शेवटच्या काळात हा उपकर हजार विड्यांमागे पाच रुपये होता. पाच रुपये ही रक्कम किरकोळ वाटेल. एका स्त्रीने दिवसाला हजार विड्या वळल्या आणि वर्षातून अडीचशे दिवस तिला काम मिळाले, तर तिच्या हातांनी वळलेल्या अडीच लाख विड्यांमागे साडेबाराशे रुपये निधीच्या नावाने जमा होत. तिच्या मजुरीतून त्यांतला एक पैसाही कापला जात नसे. विडी ओढणाऱ्याच्या खिशातून तो येई. देशात नोंदलेल्या विडी कामगारांची संख्या पन्नास लाखांच्या घरात आहे. थेंबाथेंबाने भरणारे हे तळे किती मोठे होते, याची कल्पना यावरून करावी.

हे तळे आटविण्यास २०१६ साली सुरुवात झाली. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने लोह, मँगनीज व क्रोमच्या खाणींतील मजुरांसाठी, चुनखडीच्या खाणींतील मजुरांसाठी आणि चित्रपट कामगारांसाठी असलेले उपकर रद्द झाले. पुढच्या वर्षी विडीची पाळी आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि करविषयक कायद्यांच्या दुरुस्तीने १९७६ चा विडी उपकर कायदा इतिहासजमा झाला. एक देश, एक कर, ही घोषणा ऐकावयास गोड होती. त्या एका करात विडीवर अठ्ठावीस टक्के आकारणी झाली. १ फेब्रुवारी २०२६ पासून ती अठरा टक्क्यांवर आणण्यात आली. म्हणजे विडीवरचा कर नाहीसा झाला नाही. नाहीसा झाला तो एवढाच, की त्यातला अमुक वाटा वळणाऱ्या स्त्रीच्या औषधासाठीच खर्च झाला पाहिजे असे सांगणारा कायदा.

यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की, निधी बंद झालेला नाही. अर्थसंकल्पातून कल्याण योजनांना अनुदान दिले जाते, मग उपकराचा आग्रह कशाला? हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे. ज्या निधीला स्वतःचे उत्पन्न आहे, तो विड्यांच्या खपाबरोबर वाढतो आणि त्याचा जाब कायद्याच्या आधारे विचारता येतो. अनुदानाचे तसे नाही. दरसाल फेब्रुवारीत दिल्लीत कोणाच्या मनात काय येईल, त्यावर ते ठरते. तूट भरून काढावयाची असली की कात्री प्रथम अशाच रकमांवर फिरते, कारण तेथे ओरड करणारे कोणी नसते. कालपर्यंत जी स्त्री निधीची हक्कदार होती, ती आज अनुदानाची याचक झाली आहे. कल्याणकारी राज्याच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

कारखान्यांतील कामगारांच्या विम्याचेही असेच झाले. १ जुलै २०१९ पासून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणण्यात आली. मालकाचा वाटा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीनवर आला आणि कामगाराचा पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर. बारा हजार रुपये वेतन घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराला यात महिन्याला एकशेवीस रुपये वाचले. मालकाला एकशेऐंशी वाचले. परंतु त्या कामगाराच्या नावाने विम्याच्या पेटीत पूर्वी महिन्याला सातशेऐंशी रुपये पडत, ते आता चारशेऐंशीच पडू लागले. महामंडळाकडे शिल्लक फार साठली आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. शिल्लक साठली होती ती कामगार आजारी पडेनासे झाले म्हणून काय? जेथे डॉक्टरांच्या जागा भरावयाच्या आहेत, यंत्रे घ्यावयाची आहेत आणि औषधांचा साठा पुरा करावयाचा आहे, तेथे शिल्लक याचा अर्थ न केलेला खर्च असा होतो. त्या शिलकीवर पहिला हक्क रुग्णालयाचा होता.

आता कोणी म्हणेल की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि सोलापूर त्या आठांत होते. दीड लाखाचे संरक्षण जुलै २०२४ पासून पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार तीमुळे ज्यांना परवडला, त्यांच्या लेखी तिचे मोल मोठे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ती योजना ठराविक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची आहे. तंबाखूच्या भुग्याने लागलेला खोकला, दिवसभर मान घालून बसल्याने धरलेली पाठ, दिवेलागणीला अंधुक होणारी नजर यांसाठी कोणी दाखल करून घेत नाही. तेथे गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना, ओळखीचा डॉक्टर आणि फुकट मिळणारी औषधाची गोळी हवी असते. खोकला पंधरा दिवसांवर गेला तेव्हाच थुंकी तपासली, तर क्षय सहा महिन्यांत बरा होतो. दवाखाना लांब गेला की तोच खोकला घरातल्या चौघांना वाटला जातो. दवाखाना आटवून विमा वाढविणे म्हणजे आड बुजवून आग विझविण्याचा बंब विकत घेणे होय.

या कपातीचा भार अखेर कोणावर पडतो? सरकारने काढून घेतलेला पैसा हवेत विरत नाही. तो घरातून वसूल होतो. आई अंथरुणाला खिळली की कारखान्यातून आणलेली पाने आणि तंबाखू तशीच परत नेता येत नाहीत. विड्या तर द्यावयाच्याच असतात. मग सूप मुलीच्या मांडीवर येते आणि शाळेचे दप्तर खुंटीला लागते. औषधाच्या खर्चासाठी मंगळसूत्रातले मणी गहाण पडतात. त्यानंतर आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारात उभा राहतो. हप्ता चुकू नये म्हणून बरी न झालेली बाई पुन्हा भुग्यात बसते. त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले असते आणि तोच भुगा त्याच्या श्वासातून आत जातो. हे एका घरात घडले तर त्याला दैव म्हणता येईल. गल्लीच्या गल्लीत घडू लागले, म्हणजे ते धोरण असते.

पूर्व भागात शेजारधर्म अजून जिवंत आहे. एखादी अक्का आजारी पडली तर शेजारणी तिच्या वाट्याच्या शेकडो विड्या आपसांत वळून देतात. परंतु शेजारीणही तेच काम करते, तिचाही खोकला जुनाच आहे. गरिबांनी गरिबांना सावरावे आणि राज्याने बाजूला उभे राहून त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक करावे, याला समाजव्यवस्था म्हणता येत नाही.

एका आक्षेपाचा विचार प्रामाणिकपणे केलाच पाहिजे. विडी ओढणाऱ्याला मारते. तेव्हा हा धंदा राहावा तरी कशाला? आक्षेप खरा आहे, आणि विडीचा खप घटावा यात समाजाचे हितच आहे. परंतु त्यातूनच अधिक मोठी जबाबदारी निर्माण होते. जो धंदा आज ना उद्या आटावयाचा आहे, त्यात आयुष्य घालविलेल्या स्त्रीला अखेरीस औषध, निवृत्तिवेतन आणि दुसरे काम देण्यासाठी पैसा लागेल. तो त्याच धंद्याच्या करातून उभा करणे यापेक्षा न्याय्य मार्ग कोणता? धंदा चालू असतानाच त्याचा निधी काढून घेणे म्हणजे उद्याच्या पुनर्वसनाची थैली आजच रिकामी करणे होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८ चा विमा कायदा व १९६६ चा विडी कामगारांचा कायदा त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षा हा शब्द त्या संहितेच्या मुखपृष्ठावरच आहे. त्या शब्दाला अर्थ यावयाचा असेल तर मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. विडीवरील वस्तू व सेवा कराचा निश्चित हिस्सा कायद्याने कल्याण निधीकडे वळविला जावा. विडी कामगारांच्या दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधे किती आहेत, याचा तपशील दरवर्षी सोलापुरात, मराठीत आणि तेलुगूत, जाहीर व्हावा. विमा महामंडळाची शिल्लक वर्गणी घटविण्यासाठी न वापरता रुग्णालयांवर खर्च व्हावी. आणि विडी सोडू इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्रीला दुसरे काम देण्याची योजना त्याच निधीतून आखली जावी.

यातली एकही मागणी दयेची नाही. १९७६ साली संसदेने जे मान्य केले होते तेच या स्त्रिया परत मागत आहेत. हजार विड्यांमागे पाच रुपये, एवढाच तो करार होता. विड्या अजून वळल्या जात आहेत, कर अजून गोळा होत आहे; कराराची दुसरी बाजू तेवढी पाळावयाची राहिली आहे.