वर्णाची साक्ष



वेरूळचें कैलास लेणें आपण पाहिलें असेलच. त्याला पूर्वीं रंगमहाल म्हणत. कारण त्या पाषाणावर गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग. मूर्तीचा रंग हा केवळ शृंगार असतो काय? या प्रश्नाचें उत्तर मला एका काष्ठमूर्तीच्या कथेंत सांपडलें. मूर्तीचा उत्सव झाला दूर ब्राझील देशांत. पुरुष मात्र आपल्या वसईचा.

गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता कोंकणची. तरुणपणीं तो जपानांत गेला, मकाव येथें व्यापारांत स्थिरावला. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत सेवाबंधु झाला आणि दुभाषा म्हणून पुनः जपानांत आला. हिदेयोशीच्या आज्ञेनें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रुसांना जखडून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत तो होता.

पोर्तुगीज लोक आपल्या संतांच्या मूर्ति लांकडाच्या करीत. प्रथम कोरीव काम, मग खडू व सरस यांचे थर, वस्त्रांवर सोन्याचा वर्ख आणि शेवटीं मुखाचा व हातांचा वर्ण. बहुधा कोरणारा एक आणि रंगविणारा दुसरा. हा शेवटचा हात फिरेपर्यंत लांकूड लांकूडच. त्यानंतर तो मनुष्य.

चिमाजी अप्पांनीं १७३९ त वसई जिंकली. त्यानंतर सहा वर्षांनीं, १७४५ त, ब्राझीलमधील रेसिफे नगरांत याच वसईकराच्या मूर्तीचा मोठा उत्सव झाला. तो करणारे होते पार्दो, म्हणजे मिश्र वंशाचे सांवळे लोक. समाजांत त्यांना हीन लेखीत. जाबोआतांव नांवाच्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानें व्यासपीठावरून प्रतिपादन केलें कीं, गोन्सालो हा वर्णानें पार्दोच होता. तें प्रवचन १७५१ त लिस्बन येथें छापलें गेलें. त्याच्या मथळ्यांतच गोन्सालोला 'त्यांच्या वर्णाचा संत' म्हटलें आहे. पुढें १८६२ त रोमनें त्याला संतपद दिलें.

विचार करा. त्या लोकांना वसई कोठें आहे हें कोठून ठाऊक असणार? परंतु एका कोंकणी मातेच्या पुत्राला ईश्वराच्या दरबारीं स्थान मिळालें, एवढ्यानेंच त्यांची मान ताठ झाली. म्हणून अशा जुन्या मूर्तीचा जीर्णोद्धार करणारानें सोनें हवें तेवढें उजळावें; मुखाचा वर्ण मात्र गोरा करूं नये. ती त्या माउलीची साक्ष आहे.