कॅमेरा कोणता घ्यायचा?

(व्हिडिओ शिबिरातील भाषण)



'गटाकडे थोडे पैसे जमलेत, कॅमेरा कोणता घेऊ?' असं सकाळपासून बऱ्याच जणींनी विचारलं. आधी आमची फजिती सांगते. आमचा पहिला कॅमेरा दुकानदाराने 'सगळ्यात भारी' म्हणून गळ्यात मारलेला. परित्यक्तांच्या बैठकीत एक आजी पहिल्यांदाच मोकळेपणी बोलल्या. नंतर पाहिलं तर चित्र अगदी स्वच्छ, आणि आवाज? नुसता पंख्याचा! त्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नव्हती. आजी पुन्हा तसं बोलल्या नाहीत.

म्हणून पहिली कसोटी आवाजाची. बाहेरचा माइक जोडता येतो का? चित्रीकरण चालू असताना हेडफोन लावून ऐकता येतं का? हे दोन प्रश्न आधी विचारा.

दुसरी कसोटी उजेडाची. आपल्या बैठका रात्री, जेवणं उरकल्यावर, एका दिव्याखाली होतात. तेव्हा दुकानाच्या लखलखाटात चित्र पाहून भुलू नका. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींचे चेहरे टिपून पाहा.

तिसरी खर्चाची. फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात. म्हणजे जास्त मोठी कार्डं आणि संकलनाला तगडा संगणक आला. वस्तीत दाखवायला फुल एचडी पुरतं. वाचलेल्या पैशांत माइक, ट्रायपॉड आणि जादा बॅटरी घ्या. कुणाकडे बरा मोबाइल असेल तर त्यालाच माइक जोडून सुरुवात करा. लाजायचं कारण नाही.

आणि शेवटची: तो आपल्यातल्या प्रत्येकीला चालवता येतो का? १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' संघटनेच्या बायका व्हिडिओ शिकल्या, त्यांत निरक्षर बायकाही होत्या. तेव्हाची यंत्रं तर आजच्यापेक्षा कितीतरी जड! आपल्याकडे मात्र कुणी भाऊ म्हणतो, 'तुम्हाला नाही जमायचं, मी चालवतो.' तिथेच कॅमेरा आपल्या हातून जातो. मग तो कुणावर रोखायचा, कधी बंद करायचा, हेही तोच ठरवतो. बोलता बोलता एखादी 'आता पुरे' म्हणाली, तर कॅमेरा बंद करणारा हात तिच्या मैत्रिणीचाच हवा.

तेव्हा खरेदीला एकटीने जाऊ नका. चौघी जा, प्रत्येकीने कॅमेरा हातात धरून पाहा, आणि मगच पैसे मोजा.