परिसर आणि विचाराची लांबी

मनुष्य परिस्थितीला घडवितो कीं परिस्थिति मनुष्याला घडविते, हा वाद फार जुना आहे. परिसर म्हटला म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढें नदी, डोंगर आणि झाडी उभी राहते. शहरांतील सुशिक्षित मनुष्य सुटींत अशा स्थळीं जातो, चार दिवसांनीं ताजातवाना होऊन परततो, आणि परिसराचा मनावर परिणाम होतो हें त्याला पटतें. परंतु ज्या परिसरांत मनुष्य चार दिवस नव्हे तर सारा जन्म काढतो, तो परिसर त्याच्या मनाचें काय करतो, हा खरा प्रश्न आहे. श्रोतेहो, ह्या प्रश्नाचा विचार एखाद्या प्रत्यक्ष गांवाच्या आधारानें करणें बरें. नाशिकपासून सुमारें २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, बाणगंगेच्या कांठीं वसलेलें ओझर हें त्यासाठीं फार सोयीचें गांव आहे.

ह्या गांवाला ओझर तांबट असेंहि म्हणतात. तांबट म्हणजे तांब्यापितळेचीं भांडीं घडविणारा कारागीर. तांबें ठोकून ठोकून कठीण होतें; तें वेळींच तापवून पुन्हां मऊ केलें नाहीं, तर पत्र्याला चीर जाते. ही वेळ हातोडी कशी उसळते आणि नाद कसा बदलतो यावरून मुरलेला कारागीर ओळखतो. तांबटाच्या घरचें मूल पाळण्यांत असल्यापासून तो नाद ऐकतें. परक्या मुलाला जें ज्ञान वर्षें घालवून मिळवावें लागतें, तें ह्याच्या कानांत आधींच बसलेलें असतें. परिसर हा असा न बोलतां शिकविणारा गुरु आहे. पुढें १९६४ सालीं ओझरला हिंदुस्थान एअरॉनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला, आणि मोठेपणीं आपण कोण व्हावें ह्या प्रश्नाला त्या परिसरांतील मुलांच्या मनांत आणखी एक उत्तर मिळालें.

तथापि परिसर म्हणजे ललाटरेषा नव्हे. ओझरच्या पुढें त्याच रस्त्यावर पिंपळगांव बसवंत आहे. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९), यांचें बालपण तेथें गेलें. तेच रस्ते, तोच बाजार आणि तींच शेतें त्यांच्या बरोबरीच्या कित्येक मुलांनीं पाहिलीं. ‘विशाखा’ मात्र एकानेंच लिहिली. परिसर सामग्री पुरवितो, प्रतिभा पुरवीत नाहीं. पण सामग्री वापरावयाची तर मन मोकळें असावें लागतें. आणि मन मोकळें राहणें कीं जखडलें जाणें, हें पुष्कळ अंशीं परिसराच्याच हातीं असतें.

शरीरावरहि ह्याचा परिणाम होतो. अमेरिकेंतील संशोधक रॉजर उलरिच यांनीं पेनसिल्व्हानियांतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्यांनीं निवडले. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत असत, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडें दिसणारे रोगी लवकर घरीं गेले, आणि वेदना शमविणारीं तीव्र औषधेंहि त्यांना कमी लागलीं. रोग्यांची संख्या लहान होती, हें खरें. पण तेव्हांपासून रुग्णालय बांधणारे लोक खिडकीचा विचार अधिक गंभीरपणें करूं लागले.

येथवर सारें डोळ्यांना दिसणारें आणि कानांना ऐकूं येणारें झालें. ओझरची खरी शिकवण याहून खोल आहे. दिंडोरी तालुक्यांत कोळवण नदीवर वाघाडचें धरण आहे, आणि त्याच्या उजव्या कालव्याच्या शेवटाला ओझरची शेती येते. कालव्याच्या शेवटीं असलेल्या शेतकऱ्याची स्थिति सर्वत्र सारखीच असते. वरच्या माणसाला उद्यांच्या पाण्याची खात्री नसते, म्हणून तो आजच हात सैल सोडतो. खालच्याच्या वांट्याला कोरडी चारी येते. ज्याला पुढच्या पाळीचा भरंवसा नाहीं, त्याचा विचार एका हंगामापलीकडे जात नाहीं. द्राक्षाची बाग लावावयाची तर मांडव उभारावा लागतो, आणि वेल फळावर येईपर्यंत पैसा व धीर दोन्ही खर्चावीं लागतात. असा बेत करण्यास बुद्धि कमी पडते असें नाहीं. कमी पडतो तो आधार. शिवाय शेजाऱ्याविषयींचा संशय हें त्या कोरड्या चारींत हमखास येणारें पीक होय.

बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानें ह्या शेतकऱ्यांना एकत्र आणलें. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था १९९०-९१ च्या सुमारास उभ्या राहिल्या. पाणी मोजून संस्थेच्या स्वाधीन होऊं लागलें. त्याची वांटणी, पट्टीची वसुली आणि चाऱ्यांची देखभाल हीं कामें शेतकऱ्यांनींच अंगावर घेतलीं. ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून पाणी मुरविलें, त्यामुळें विहिरींनाहि आधार मिळाला. पुढें वाघाड प्रकल्पावरील २४ संस्था एकत्र आल्या. सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोंपविणारा राज्याचा कायदा २००५ सालीं झाला, त्याच्या आधीं हा अनुभव गांठीं होता.

ह्यांत ऊन बदललें नाहीं, माती बदलली नाहीं, माणसेंहि तींच राहिलीं. बदलली ती पाण्याची व्यवस्था. पण तिच्याबरोबर विचाराची लांबी वाढली. हंगामापुरता हिशेब करणारा मनुष्य वर्षांचा हिशेब करूं लागला, बागा वाढल्या, आणि शेजाऱ्यावर पाळत ठेवण्यांत जाणारी बुद्धि बागेकडे वळूं शकली. अवकाळी पाऊस आणि गारपीट हीं संकटें आजहि उभें पीक एका रात्रींत नाहींसें करतात. कोणत्याहि संस्थेच्या ठरावानें तीं टळत नाहींत. पण मनुष्यानें निर्माण केलेली अनिश्चितता मनुष्याला दूर करतां येते, एवढें ओझरनें दाखविलें.

शहरांतील कुटुंबांनाहि हा धडा लागू आहे. नळ केव्हां येईल हें न कळल्यामुळें पहांटेपासून कानोसा घेणारी गृहिणी, जिन्यांतील दिवा महिनेच्या महिने बंद असल्यामुळें संध्याकाळीं खालीं उतरण्यास भिणारे वृद्ध गृहस्थ, आणि शेजारचा गलका केव्हां सुरू होईल ह्या धास्तीनें पुस्तक उघडणारा विद्यार्थी, ह्या सर्वांची मनें पहाऱ्यावर बसलेलीं असतात. पहाऱ्यावरचें मन नवें कांहीं रचूं शकत नाहीं. भिंतीवर निसर्गचित्र लावणें आणि खिडकींत तुळस ठेवणें हें चांगलेंच आहे. पण बिऱ्हाडकरूंनीं एकत्र बसून आधीं पाण्याची वेळ ठरवावी आणि जिन्यांतला दिवा लावावा.