तो पेपरवाला भामरागडले गेला होता का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख 'पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत' अशी करून दिली. खरं म्हणजे मागच्या तीन रांगांना ती मान्य नाही. त्यांच्यासाठी मी अजून 'मुस्तफा'च आहे. सकाळी चहाच्या टेबलवर दोघांनी त्याच नावाने हाक मारली, आणि माझ्या बायकोला पहिल्यांदा कळलं की माझं असंही नाव आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जटपुरा गेटच्या बाजूला एका गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाचा खेळ होता. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढलेला. हे मला नोकरी लागल्यावर कळलं. आपल्यासाठी तो एक रुपयाचा मुस्तफा. मामाकडे राहून शिकत होतो, दुधाच्या पैशातला रुपया कसा वाचवायचा ते माझं मला माहीत.

एका शनिवारी मराठीच्या सरांनी आम्हा चौघांना तिथेच पकडलं. छडी मिळेल असं वाटलं होतं. सर म्हणाले, "सोमवारी या खेळावर एक पान लिहून आणा." मी दीड पान लिहिलं: कोणती गाडी, कोणता राक्षस, कुठे जीव वाढतो. सरांनी लाल शाईने खाली लिहिलं, 'माहिती दिलीस. आवडला का, ते लिहिलं नाहीस.' सर आज समोर बसलेत. सर, तुमचा तो शेरा पुढे वीस वर्षं मला कळला नव्हता, हेच सांगायला मी माईक घेतला.

पुण्याला गेल्यावर मी परीक्षणांचा भक्त झालो. कोणता सिनेमा पाहायचा, कोणता गेम घ्यायचा, सगळं तारे आणि गुण पाहून. मेटाक्रिटिक म्हणून एक ठिकाण आहे, तिथे जगभरच्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढून शंभरापैकी एक आकडा देतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटसारखंच. 2010 मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगास' नावाचा गेम आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला 85 गुण मिळाले तर बोनस मिळायचा होता. मिळाले 84. हे त्या कंपनीच्याच क्रिस अवेलोन यांनी पुढे सांगितलं. एका गुणाने प्रथम श्रेणी हुकलेले आपल्या वर्गात किती आहेत, हात वर करायला लावत नाही.

तर 2014. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो' हा सिनेमा लागला. नाना पाटेकरांचा. माझे वडील अहेरी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी काहींनी त्यांच्या गाडीतून फुकट प्रवासही केला आहे, मास्तरला पटवून. निवृत्तीनंतर ते चंद्रपुरात होते आणि मी दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो. त्यांना थेटरात जाऊन तो सिनेमा पाहायचा होता. आयुष्यात त्यांनी स्वतःहून सिनेमाचं नाव काढलेलं मला दुसरं आठवत नाही. मी म्हणालो, "राहू द्या, रिव्ह्यू काही खास नाहीत. मी वाचलं." ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "तो लिहिणारा पेपरवाला भामरागडले गेला होता का गा कधी?"

मी हसलो. तिकीट काढलं नाही. सुट्टी संपली, परत गेलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. पाच-दहा मिनिटं झाली आणि ते बोलायला लागले. आलापल्लीच्या पुढचा रस्ता. नाल्याला पूर आला की गाडी अलीकडे उभी करून काढलेल्या रात्री. अस्वलाने चेहरा फाडलेला एक माणूस, खाटेवर घालून गावकऱ्यांनी रस्त्यापर्यंत आणलेला. त्याला त्यांनी मागच्या सीटवर आडवं टाकून, मधे एकाही थांब्यावर न थांबता हेमलकशाला पोचवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना मेमोही मिळाला होता. चाळीस वर्षांत हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमा कधीच संपला होता, बातम्या सुरू होत्या, ते बोलतच होते. सिनेमा चांगला होता की वाईट, मी आजही सांगू शकणार नाही. मी तो पाहिलाच नाही, त्यांच्याकडे पाहत होतो.

2019 मध्ये ते गेले. थेटरात त्यांच्या शेजारी बसायचं राहिलं. अंधारात ते काय काय बोलले असते, आणि पुढच्या रांगेतले लोक कसे चिडले असते, हे मी अधूनमधून मनात रंगवतो.

समीक्षक नकोत असं मी म्हणत नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला. भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. परीक्षकांनी चित्रांची वाहवा केली, लढाईला नावं ठेवली, लवकर संपतो म्हणाले. मी खेळलो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे, लढाई तोचतोचपणाची आहे. पण माझी मुलगी शेजारी बसून "मागे बघ, मागे बघ" ओरडत होती, आणि तिची आजी विचारत होती, "भाऊ सापडला का तिला?" त्या घरात लढाईला किती गुण, हा प्रश्नच नव्हता.

आणि आपल्या झाडीपट्टीला तारे कोण देतो? धान निघालं की वडशाच्या कंपन्या गावोगाव नाटकं घेऊन फिरतात, रात्रभर. नाटक फसलं तर तीन वाजता अर्धा मांडव तट्ट्यावर आडवा झोपलेला असतो, आणि पुढच्या वर्षी मंडळ त्या कंपनीला विचारत नाही. जमलं तर गाण्याला वन्स मोअर, माईकवरून बक्षिसांची नावं, पहाटेपर्यंत. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. कुरखेड्याच्या बाजूला ते कुणाला सांगायची गरज नव्हती. तृषांत इंगळेंचा 'झॉलीवूड' आला 2022 मध्ये, याच रंगभूमीवर. तो मात्र मी थेटरात पाहिला, एकही परीक्षण न वाचता, बाजूची एक खुर्ची रिकामी होती तिच्यावर पिशवी ठेवून.

सर, उशीर झाला, पण उत्तर देतो. मुस्तफा आवडला होता. चौघं होतो म्हणून. एका वेळी तिघांनाच खेळता यायचं, चौथा मागे उभा राहून ओरडायचा, आणि तो बहुतेक मीच असायचो, कारण रुपया संपलेला असायचा. नाव मात्र मला पडलं.

वडशाच्या मित्रांना एक विनंती. जानेवारीत मी सुट्टी काढतो आहे, मुलीलाही आणतो. जवळपास नाटक कुठे आहे तेवढं कळवा. कसं आहे ते नका सांगू. सतरंजी मी आणतो.